हलक्या पायाचं पोर

फार जुनी गोष्ट आहे. मार्गशीर्ष शुद्ध दशमीचा दिवस होता. घाटाखालच्या गावात दाट धुकं होतं आणि घाटमाथ्यावर कोरडी थंडी.

त्या राज्यात राजाचे निरोप पायी जात. प्रत्येक घाटाला एक निरोप्या असे, तेरा ते सोळा वर्षांचा. त्याच्या हाती घुंगरांची काठी असे. घुंगरू वाजले की भरल्या बैलगाड्यासुद्धा बाजूला होत. ती काठी कोणाला द्यायची, हे दर साली या दिवशी ठरे.

गावचा तराजू भिकोबांकडे होता, म्हणून ठरवायचं कामही त्यांचंच. रीत अशी होती: देवळासमोर मोठा तराजू टांगायचा. एका पारड्यात एक मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा काळा धोंडा ठेवायचा. दुसऱ्या पारड्यात पोर बसवायचं. धोंडा वर गेला तर पोराने मुकाट्याने घरी जायचं. जी पोरं उरतील त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. राजाने हलकं पोर निवडायला सांगितलंय, असं सगळे म्हणत.

भिकोबा वीस वर्षं वहीत लिहीत होते. पोराचं नाव, वजन आणि त्या दिवशीची हवा. एकही ओळ चुकलेली नव्हती. तरी वर्षभर त्यांना चैन नव्हतं. मागच्या साली निवडलेला केरबा काडीसारखा होता, पण अर्ध्या घाटात धापा टाकत बसायचा. निरोप शिळे होऊन पोहोचत. पोर हलकं, मग निरोप जड का होतो, हे भिकोबांना उलगडत नव्हतं.

या साली हौसा पुन्हा आली. चौदा वर्षांची पोर. घाटमाथ्याच्या चौकीवर रोज दोन घागरी पाणी तीच पोहोचवायची. काठीवर तिचा जीव होता. मागच्या साली तिचं वजन अठ्ठेचाळीस शेर भरलं, तेव्हा पोरं हसली होती. "हौसे, धोंडा घाबरला गं तुला!"

आज ती पारड्यात बसली आणि काटा मधोमध उभा राहिला. चाळीस शेर. कोणी हसलं नाही. पण भिकोबांनी वहीत मागच्या सालचा आकडा पाहिला: अठ्ठेचाळीस.

"काल काय जेवलीस गं?"

"काल एकादशी होती ना काका."

"एकादशी उद्या आहे, पोरी."

हौसा खाली बघू लागली.

"अहो भिकोबा, धोंड्याला उतरली ना? मग टाका चिठ्ठी," पाटील म्हणाले. "ऊन चढायला लागलं."

"थांबा पाटील. हौसा, पहिल्या वळणापर्यंत जाऊन ये पाहू."

ती निघाली. भिकोबा हळूहळू मागून गेले. वळण यायच्या आधीच ती दगडाला टेकून बसलेली दिसली. ओठ पांढरे पडले होते.

"काका, मागच्या साली मी दोन घागरी घेऊन इथून न थांबता जायचे," ती म्हणाली. "आता हात मोकळे आहेत. दोन महिने अर्धी भाकरी खाऊन अंग हलकं केलं. आणि पायच उचलत नाहीत. असं कसं हो?"

अठ्ठेचाळीस शेरांची पोर चढत होती आणि चाळीस शेरांची बसली होती. दोन्ही पोरी एकच होत्या. भिकोबांनी वही पुढून वाचली, मागून वाचली. काहीच जुळेना.

शेवटी हौसाला घेऊन ते देवळापाशी परतले. त्यांनी देवळातली पितळी नळी उघडली आणि राजाचा मूळ हुकूम बाहेर काढला. एकच ओळ होती. ती त्यांनी बोट ठेवून वाचली: 'हलक्या पायाचे पोर निवडावे.'

"यात पाय आहे, पाटील."

"पाय सगळ्यांनाच असतो."

"असतो. पण वीस वर्षं आपण पाय सोडून हुकूम वाचला."

पाटलांनी डोकं खाजवलं. "बरं, मग हलका पाय तोलायचा कसा? नुसता पाय पारड्यात ठेवता येतो का?"

भिकोबाही गोंधळले. तराजूकडे बघत उभे राहिले. तेव्हा हौसाच म्हणाली, "तोलायचं कशाला? चढून बघायचं."

भिकोबांनी चिठ्ठ्या फाडल्या. "दोन महिन्यांनी या सगळे. हौसा, तू पोटभर जेव. आणि घागरी मात्र बळ आल्यावर उचल, आधी नाही."

दोन महिन्यांनी नऊ पोरं घाट चढली. माथ्यावर पोचल्या पोचल्या एका दमात वीस आकडे मोठ्याने म्हणायचे, अशी अट होती. भिकोबांनी सवयीने वजनंही लिहिली. हौसा पहिली आली. तिच्या पाठोपाठ पस्तीस शेरांची एक किडकिडीत पोर आली, ती रोज शेळ्यांमागे डोंगर हिंडायची. केरबा चौतीस शेरांचा, पण बाराव्या आकड्यालाच अडकला. सगळ्यांत शेवटी पन्नास शेरांचा एक पोरगा आला, तो दिवसभर ओट्यावर बसून असे.

भिकोबांनी वजनं चढत्या क्रमाने लावून पाहिली, मग उतरत्या. पोरं ज्या क्रमाने माथ्यावर आली होती, तो क्रम कशातच बसेना. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि काळा धोंडा झऱ्यावर नेऊन टाकायला सांगितला. घागर टेकवायला तो बरा पडतो.

मुलांनो आणि मोठ्यांनो, तराजू अंगाचं वजन सांगतो, अंगातला दम सांगत नाही.

भिकोबांच्या वहीत त्या दिवसाची ओळ अशी आहे: 'माघ शुद्ध दशमी. आभाळ निरभ्र, वारा पश्चिमेचा. हौसा, वजन सत्तेचाळीस शेर. माथ्यावर एका दमात चोवीस आकडे. काठी दिली.'