हौसाची वीस पावलं

"ती तुमचं ऐकते म्हणतात. मग सांगाल की नाही तिला?"

डॉक्टर अच्युत निरगुडकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

समोर चाँदबाबा. बोरखिंडीच्या दर्ग्याच्या पायरीशी चपला सांभाळत बसणारा म्हातारा. पुढ्यात चपलांच्या रांगा, गुडघ्यांत धरलेली एक बांबूची काठी. लोक त्याला फकीर म्हणत. तो स्वतःला काहीच म्हणवून घेत नसे.

निरगुडकर हे पायाचे आणि घोट्याचे सर्जन. साधेसुधे नव्हेत. सबंध जिल्ह्यात अशी बोलवा होती की, आपले पाय बघून रडणारा एक मोर डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून गेला, आणि तेव्हापासून त्या रानातला एकही मोर नाचताना रडत नाही. आता ही थाप असेल. पण डॉक्टरांनी ती कधी खोडून काढली नव्हती.

तीस वर्षांत चार हजार पाय. त्यांतला सगळ्यात देखणा हौसाचा.

हौसा खिंडीपलीकडच्या वस्तीवरची. जन्मापासून डावं पाऊल आत वळलेलं, बाहेरच्या कडेवर टेकत चालायची. ती विशीत असताना डॉक्टरांनी ते पाऊल सरळ केलं. त्याला सात वर्षं झाली. दर वर्षी सर्जन लोकांच्या परिषदेत ती व्यासपीठावर वीस पावलं चालून दाखवायची आणि सभागृह टाळ्यांनी दणाणायचं. येत्या रविवारी डॉक्टरांचा निवृत्तीचा सत्कार. शेवटची वीस पावलं.

आणि हौसानं निरोप धाडला होता... या खेपेला नको.

"का नको, तेही सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "फोन उचलत नाही."

"दुखत असेल."

"नाही दुखत. दर वर्षी विचारतो मी तिला. नाही म्हणते."

"कुठं विचारता?"

"तिथंच. व्यासपीठावर."

"माइकवर?"

"माइकवरच. सगळ्यांना ऐकू जायला नको?"

बाबानं एक चप्पल उचलली, झटकली, परत जागेवर ठेवली.

"पाय वाकडा होता," तो म्हणाला, "तेव्हा ही डोंगर चढून यायची. डोक्यावर सरपणाची मोळी."

"आणि आता?"

"आता दीर मोटारसायकलवरनं दर्ग्याखाली आणून सोडतो. जाताना नेतो."

"संसारी बाई झाली. चालेल कशाला?"

"असंल तसंही..."

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला. हौसाचा एक्स-रे त्यात कायमचा असे, लोकांच्या पाकिटात देवाचा फोटो असतो तसा.

"बघा. एकेक हाड ओळंब्यात. पुस्तकात छापावं असं."

बाबानं मोबाइल दोन्ही हातांत घेतला. उन्हाकडे पाठ करून बराच वेळ बघितलं.

"झकास आहे," तो म्हणाला. "नुसती जमीन तेवढी दिसत नाही."

डॉक्टरांनी मोबाइल परत घेतला. असल्या बोलण्याला ते हसत. आज हसू आलं नाही.

"तिची चप्पल बघितलीत कधी?"

"चपला बाहेर काढायला लावतो मी. दाराशी पाटीच आहे तशी."

"चांगली पाटी. माझंबी पोट असल्याच पाटीवर चालतंय."

बाबानं रांगेतून एक जोड ओढला आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला. भर बाजारात कुणी असं केलं असतं तर डॉक्टर उठून गेले असते.

उजव्या चपलेचा तळ झिजून पापडासारखा झालेला. टाचेला टायरचा तुकडा, त्यावर आणखी एक तुकडा.

डाव्या चपलेच्या तळावरचा नंबर अजून वाचता येत होता. सहा.

दारातून आत येणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून कुठलं हाड दुखतंय ते सांगणारा हा सर्जन. त्यानं तो जोड चारदा उलटासुलटा केला.

"या दोन जोडांतल्या एकेक आहेत."

"एकच जोड. लग्नात घेतलेला."

"तिचं लग्न..." डॉक्टर म्हणाले, "याच पायामुळं जमलं."

"ते खरं आहे. तीबी हेच सांगते. सगळ्यांना सांगते."



तेवढ्यात दर्ग्याच्या आतून हौसा आली. एक हात भिंतीवर. डावा पाय ती टेकत नव्हती, विस्तवावर ठेवून उचलावा तसा उचलत होती. दोन पावलं, थांबायची. परत दोन पावलं.

डॉक्टर उठून उभे राहिले.

तिनं त्यांना बघितलं. भिंतीवरचा हात खाली आला. पदर डोक्यावरून नीट झाला. आणि हौसा चालू लागली... आधी टाच, मग चवडा, जसं त्यांनीच शिकवलं होतं तसं. सभागृहात चालायची अगदी तसं. डॉक्टर सवयीनं मनात मोजत गेले.

ती जवळ आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. सात वर्षं डॉक्टरांना अशा वेळी तिचा भांग दिसत आला होता. आज ती वर उठताना त्यांनी तोंड बघितलं. खालच्या ओठावर दातांची रांग उमटली होती.

"दुखतं का गं?"

"न्हाई, सायेब. तुमच्या हातचा पाय हाय. दुखंल कसा?"

"इथं कुणी नाहीये, हौसा. खरं सांग."

तिनं बाबाकडे बघितलं, मग खाली.

"रविवारी येते म्या. उगंच निरोप धाडला बगा. येवढ्या लांबनं आलासा तुमी..."

डॉक्टर ज्यासाठी आले होते ते झालं होतं. तोंडातून 'बरं' म्हणायचं तेवढं राहिलं होतं. ते निघेना.

हौसा उभीच. दोन्ही पायांवर, सरळ. खालून मोटारसायकलचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. ती हलली नाही.

"जा तू," डॉक्टर म्हणाले. "दीर थांबलाय."

"तुमी व्हा म्होरं, सायेब. म्या जाते मागनं."

डॉक्टरांच्या हातात अजून तिची डावी चप्पल होती. त्यांनी ती खाली ठेवली. तिच्या पायापाशी ठेवली, तशी ती लाजून एक पाऊल मागं सरली, आणि त्या पावलासरशी तिचे डोळे मिटले गेले. क्षणभरच.

"बाबा," डॉक्टर म्हाताऱ्याकडे वळले. "मी आता काय करू?"

चाँदबाबानं गुडघ्यांतली बांबूची काठी काढली आणि हौसापुढं धरली.

हौसानं काठीकडे बघितलं. डॉक्टरांकडे बघितलं. हात पुढं केला नाही.

"तोंड तिकडं करा, साहेब," बाबा म्हणाला. "बाईला घरी जायचंय."