सुभद्राकाकींच्या शिंजिराचा फोटो

एका गावात एक भोळा फोटोवाला होता. गावात दुसरा फोटोवाला नव्हता, म्हणून त्याचं चालत होतं. त्याचं नाव बाबल.

दुकान त्याचं नव्हतं. ते विश्राममामांचं. मामांनी सारी हयात फोटो काढण्यात घालवली. पुढे त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी कॅमेरा भाच्याच्या गळ्यात अडकवला आणि आपण दारातल्या बाकावर जाऊन बसले. तिथून ते बाबलला शिकवत. बाबलची एक गोष्ट चांगली होती. सांगितलेलं तो विसरत नसे. सगळी अडचण तिथूनच सुरू होई.

त्याच गावात सुभद्राकाकी एकट्या राहत. घरामागे त्यांची बाग होती. जास्वंद, केळी, अळू, एक शेवगा. त्या बागेत रोज सकाळी शिंजीर येई. अंगठ्याएवढा पक्षी, चोच वाकवलेल्या सुईसारखी. ती फुलात घालून मध प्यायचा. डोकं हिरवं, गळा जांभळा, पाठ तांबडी आणि पोट पिवळंधमक. ऊन पडलं की गळा असा चमके, की काकींच्या हातातला चहा निवून जाई.

काकींनी हे एकदा फोनवर मुलाला सांगितलं. मुलगा जयवंत, शहरात नोकरीला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आई, एवढ्याशा पाखरावर एवढे रंग मावत नाहीत. तुला आता भास व्हायला लागले. एकटं राहणं पुरे झालं. येत्या रविवारी येतो, घराला कुलूप लावू, तू माझ्याकडे चल.

काकींना शहरात जायचं नव्हतं. जयवंतचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे अळू लावायला जागा नाही. त्या म्हणाल्या, आणि फोटो दाखवला तर? जयवंत म्हणाला, फोटो दाखव, कुलपाचं नाव पुन्हा काढणार नाही.

काकींचा फोन साधा, बटणांचा. त्या तडक दुकानात आल्या आणि मामांना म्हणाल्या, विश्राम, तू काढ. मामांनी हात पुढे करून दाखवला. हात वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. काकींनी बाबलकडे बघितलं. बाबल कॅमेऱ्याच्या भिंगावरची माशी हाकलत होता. काकींनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, मग याला पाठव.

मामांचा पहिला धडा बाबलला पाठ होता. गिऱ्हाईक आधी स्टुलावर बसवायचं, मागे निळा पडदा सोडायचा, मग बटण दाबायचं. तो स्टूल आणि पडदा घेऊन बागेत गेला. मागे जास्वंद होती, म्हणून पडदा जास्वंदीवर सोडला. पुढे स्टूल ठेवलं. फडक्याने पुसलंसुद्धा.

शिंजीर आला. फुलं शोधू लागला. फुलं पडद्याखाली. त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि समोरच्या कपड्यांच्या दोरीवर बसला. हातभर अंतरावर, गळ्यावर ऊन घेऊन. काकी खिडकीतून हातवारे करू लागल्या. बाबलने बटण दाबलं नाही. शिंजीर अजून स्टुलावर बसला नव्हता. बाबलने त्याला हाताने स्टूल दाखवलं. शिंजीर उडून गेला.

मामा म्हणाले, "अरे, पाखरू बसायची वाट बघायची नसते. समोरचं हललं, की बटण दाबायचं."

बाबल "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केरू पोस्टमन ओळखपत्राच्या फोटोसाठी आला. स्टुलावर ताठ बसला. हालचाल नाही. बाबल कॅमेऱ्याला डोळा लावून थांबला. केरूही थांबला. फोटो काढायला एवढा वेळ लागतो हे त्याला माहीत नव्हतं, पण विचारायचं कसं? विचारलं तर हलायला होईल. बऱ्याच वेळाने त्याला शिंक आली. बाबलने बटण दाबलं.

फोटोत केरूचे डोळे मिटलेले होते आणि तोंडातल्या सगळ्या दाढा दिसत होत्या. केरू म्हणाला, हे ओळखपत्र दाखवलं तर मला माझंच पत्र कोणी देणार नाही.

मामांनी बाबलला समोर उभं केलं आणि सांगितलं, की गिऱ्हाइकाला आधी हाक मारायची. मोठ्याने 'इकडे बघा' म्हणायचं. हनुवटी वर करायला लावायची. त्याने बघितलं, की मग फोटो.

बाबल "बरं" म्हणाला आणि कॅमेरा घेऊन काकींच्या बागेत गेला. शिंजीर केळफुलाला उलटा लटकला होता. गिऱ्हाइकाला अहोजाहो करायचं असतं, हे बाबलला ठाऊक होतं.

"अहो, इकडे बघा," तो ओरडला. "हनुवटी वर. अजून थोडी."

शिंजीर शेवग्यावर गेला. बाबल शेवग्याखाली गेला. शिंजीर शेजारच्या परसात गेला. बाबल कुंपणावरून गेला. तिथून पाणंद, तिथून देऊळ, तिथून पाणवठा. बाबल जाईल तिथे 'इकडे बघा' चाललेलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी बघितलं. पुजाऱ्याने बघितलं. एका म्हशीने वळून बघितलं आणि हनुवटीही वर केली. शिंजिराने तेवढं बघितलं नाही.

काकी त्या दिवशी दुकानात आल्या त्या बसल्याच नाहीत. रविवार जवळ येत होता. त्यांनी मामांना एवढंच विचारलं, की हा तुझ्या सख्ख्या बहिणीचाच ना? मामांनी बाबलला बाकाजवळ बोलावलं. म्हणाले, "आवाज करायचा नाही. लपून बसायचं. अंगावर पाला घ्यायचा. तू तिथे आहेस हे कोणाला कळता कामा नये."

बाबल "बरं" म्हणाला.

पण त्याच संध्याकाळी परबांच्या घरी साखरपुडा होता आणि फोटोचं काम बाबलकडे होतं. दोन्हीकडची मंडळी जमली. मुलगा मुलगी पाटावर बसली. फोटोवाला कुठे दिसेना. परबांनी दोनदा दुकानात माणूस पाठवला. फोटोवाला मांडवाच्या कोपऱ्यात, अंगभर आंब्याच्या डहाळ्या बांधून, केळीच्या खुंटामागे बसला होता. श्वाससुद्धा बेताने घेत होता.

फोटो सुरेख आले. एकात मुलाचे काका कानात काडी घालत होते. एकात मुलीची आत्या पेढे पिशवीत टाकत होती. तिसऱ्यात तीच आत्या होती आणि पिशवी बदललेली होती. अंगठी घालतानाचा फोटो नव्हता. त्या वेळी परबांची शेळी बाबलला खात होती.

परब फोटो घेऊन दुकानात आले तेव्हा त्यांच्यामागे दोन्हीकडची मंडळी होती, आणि त्यांच्यामागे आत्या. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. आत्याचं जास्त वेळ ऐकून घ्यावं लागलं. मंडळी गेल्यावर ते बाबलला म्हणाले, की घरगुती फोटोत सगळ्यांना समोर घ्यायचं. घरातलं एकही माणूस सुटता कामा नये. मोठी मागे, लहान पुढे. कोणी दिसत नसेल तर आत जाऊन घेऊन यायचं. आपलं नशीब, की परबांची आजी कुठल्याच फोटोत नाही हे त्यांना अजून कळलेलं नाही.

बाबल "बरं" म्हणाला.

सकाळी तो बागेत गेला. शिंजिराचं कुटुंब काकींच्या पडवीच्या वाशाला होतं. जळमटं, वाळकी पानं आणि साली यांचा एक लोंबता खोपा. परक्याला तो केर वाटला असता. काकींनी त्या बाजूला दोन महिने झाडू लावला नव्हता. खोप्यातून दोन पिल्लांच्या चोची दिसत होत्या. मादी, रंगाने साधी, वाशावर बसली होती. शिंजीर केळफुलावर होता.

बाबलने मोजदाद केली. मोठी मागे होती, लहान पुढे होती. मग त्याच्या लक्षात आलं, की घरातलं एक राहिलं. तो आत गेला आणि चुलीजवळ निजलेलं काकींचं मांजर उचलून घेऊन आला. मांजर बुटकं, म्हणून त्याने ते सगळ्यात पुढे ठेवलं. खोप्याच्या बरोबर खाली.

मांजराने वर बघितलं. फोटोसाठी इतक्या मनापासून कोणी कधी वर बघितलं नसेल.

मादी ओरडली. शिंजीर केळफुलावरून सुटला तो थेट मांजराच्या डोक्यावर आला. काकी केरसुणी घेऊन धावत आल्या. मांजर एकीकडे पळालं, केरसुणी दुसरीकडे गेली, आणि ती चुकवताना बाबल मागच्या मागे अळूत पडला. पडताना त्याचं बोट बटणावर होतं.

फोटो आला.

अळूत उताणं पडून, खालून वर काढलेला. शिंजीर हवेत तिरका वळून थांबलेला. पंख पसरलेले. मागे निळं आकाश आणि अंगावर कोवळं ऊन. हिरवं डोकं, जांभळा गळा, तांबडी पाठ, पिवळं पोट, सगळं जिथल्या तिथे. काकींनी कॅमेऱ्याची काच पदराने पुसली आणि पुन्हा बघितलं. मग आत जाऊन त्यांनी बाबलसाठी घावणे केले. बाबलने मांजरालाही दिले. त्याच्या मते तेही फोटोत होतं.

मामांनी फोटो बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढंच म्हणाले, की मोठा कर, चौकटीत घाल, आणि रविवारी सकाळी काकींकडे पोचव. मामांच्या तोंडून एवढं कौतुक बाबलने पूर्वी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण शनिवारी दाजी रंगारी दुकानात आला.

दाजी बाबलकडून बँकेसाठी फोटो काढून घेऊन गेला होता. शाळेचं रंगकाम चालू होतं, तिथून तसाच आला होता आणि बाबलने त्याचा तसाच फोटो काढला होता. फोटोत दाजीचं नाक हिरवं होतं आणि एका गालावर पिवळा ओघळ होता. बँकेने तो फोटो परत केला. तिथल्या बाईंनी विचारलं म्हणे, की काका, होळी झाली ना?

मामांची गाडी निघायची वेळ झाली होती. ते लेकीकडे चालले होते. पिशवी खांद्याला लावून उभ्या उभ्याच त्यांनी बाबलला संगणकासमोर बसवलं आणि डाग कसे पुसायचे ते दाखवलं.

"अंगावर रंग लागलेला फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही," मामा म्हणाले. "एकेक डाग काढायचा. गिऱ्हाईक स्वच्छ करूनच घरी पाठवायचं. समजलं?"

बाबल "बरं" म्हणाला. मामा गाडीला गेले.

बाबलने दाजीचं नाक पुसलं. गाल पुसला. दाजी तिथेच उभा होता. फोटो हातात आला तसा तो खूश होऊन गेला. मग बाबलने चौकटीत घालायला शिंजिराचा फोटो संगणकावर उघडला. बराच वेळ बघत बसला. त्याला त्या पाखराची कीव आली. बिचारं कोणाच्या रंगकामात सापडलं होतं कोण जाणे. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागला.

रविवारी जयवंत आला. येताना नवं कुलूप घेऊन आला होता. काकी त्याला म्हणाल्या, कुलूप खाली ठेव आणि आधी चहा घे. त्यांचा आवाज खणखणीत होता. तेवढ्यात बाबल आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट होती. ती त्याने जयवंतच्या हातात दिली.

जयवंतने कागद काढला. फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग हळूच म्हणाला, "आई, ही चिमणी आहे."

काकींनी चौकट घेतली. निळ्या आकाशात एक पक्षी होता. राखाडी डोकं, राखाडी गळा, राखाडी पाठ, राखाडी पोट. काकी पडवीच्या पायरीवर बसल्या. वाशावर पिल्लं चिवचिवत होती, पण त्यांनी वर बघितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या गॅलरीत ऊन येतं का रे?"

जयवंत खाली ठेवलेल्या कुलपाकडे बघू लागला. बाबलला वाटलं, काम पसंत पडलं आहे, म्हणून सगळे गप्प आहेत.

"फार माखलं होतं हो काकी," तो म्हणाला. "डोक्याचा हिरवा लगेच निघाला. पाठीचा तांबडा पण निघाला. पोटाला पिवळा एवढा होता की विचारू नका. आणि गळ्याचा जांभळा तर निघता निघेना. एकीकडून पुसावा तर दुसरीकडून चमकायचा."

जयवंत त्याच्याकडे बघत राहिला. हे रंग तुला आईने सांगितले का, असं त्याने विचारलं. बाबल म्हणाला, काकी कशाला सांगतील? पुसले मी. जयवंतने विचारलं, न पुसलेला फोटो कुठे आहे? बाबल म्हणाला, मळका फोटो ठेवून काय करायचा? टाकून दिला.

जयवंतने त्याचा चेहरा नीट बघितला. त्या चेहऱ्याला खोटं बोलणं झेपलं नसतं. मग त्याने नवं कुलूप उचललं आणि पिशवीत परत टाकलं. आईशेजारी पायरीवर बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, आई, तू राहा इथेच. मी उद्या सकाळी इथे बसून बघतो.

काकी हसल्या नाहीत. त्या बाबलकडे बघत होत्या, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं. बाबलला वाटलं, कामात काहीतरी राहून गेलं असावं. त्याने चौकट त्यांच्या हातातून घेतली, वरपासून खालपर्यंत तपासली, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. चौकट काखेत मारून तो दुकानाकडे निघाला.

"चोच वाकडी राहिली की," तो म्हणाला. "बसा, आत्ता सरळ करून आणतो."