आधी कवठ की आधी बोर?

ओढ्याकाठच्या एका झाडावर एक खार राहायची. मुलांनो, बरेच दिवस तिला झोप लागत नव्हती. तिचं पिल्लू वानरगुरुजींच्या शाळेत जाई, पण वर्गात तोंड म्हणून उघडत नसे. 'त्याला येत नाही, की मीच शिकवण्यात कमी पडते?' ती कूस बदलत विचार करी. दोन्ही खरं असेल, असंही तिला वाटे.

शेवटी एका सकाळी ती वर्गामागच्या झुडपात लपून बसली. गुरुजी उंच फांदीवर उभे होते. एका हातात कवठ, दुसऱ्या हातात बोर. ते म्हणाले, "दोन्ही एकदम सोडणार आहे. आधी काय पडेल? कवठ वाटत असेल तर शेपटी वर, बोर वाटत असेल तर खाली, बरोबर पडतील वाटत असेल तर आडवी." पिल्लानं हळूच मागं पाहिलं. झुडपातून आईची शेपटी ताठ वर आली होती. त्यानंही आपली वर केली.

"का रे बाळा?" गुरुजींनी विचारलं. पिल्लानं पुन्हा झुडपाकडे पाहिलं.

ससा म्हणाला, "गुरुजी, त्याचं कारण झुडपात बसलंय." सगळा वर्ग हसला. पिल्लानं मान खाली घातली.

खार ओशाळून बाहेर आली. "या खारूताई, तुम्हीच सांगा," गुरुजी म्हणाले.

"जड ते आधी पडणार. त्यात काय सांगायचं?" ती म्हणाली खरी, पण हे आपण कधी पाहिलंय का, ते तिला आठवेना.

"कुणाला पटत नाहीये का?" गुरुजींनी वर्गाला विचारलं.

पिल्लाची शेपटी हळूहळू आडवी झाली. "मी आणि आई वरच्या फांदीवरून एकदम उडी मारतो," ते पुटपुटलं, "तेव्हा बरोबरच खाली पोचतो. आणि आई तर किती जड आहे."

"आई तुझ्यासाठी मुद्दाम हळू पडत असेल," ससा म्हणाला.

"मुद्दाम हळू पडता येतं? पडून दाखव बरं," पिल्लू म्हणालं.

मग वाद असा रंगला, की अर्ध्या शेपट्या आडव्या झाल्या. तेव्हा कुठे गुरुजींनी दोन्ही फळं एकदम सोडली. धप्प असा एकच आवाज आला.

खारीचे डोळे भरून आले. "गुरुजी, तुमचे फार उपकार झाले. वर्गात त्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. मी मात्र त्याला चुकीचंच सांगत होते."

"तुम्ही चुकलात, म्हणून तर त्याला बोलावं लागलं," गुरुजी म्हणाले. "उद्याही या. फक्त पुढे बसा."

घरी जाताना वाटेत एक वाळकं पान तरंगत खाली आलं. "अरे, पान हळू पडतं ना, ते..." आईनं सुरुवात केली.

पिल्लू म्हणालं, "थांब, सांगू नकोस. आधी मला काय वाटतं ते ऐक, मग आपण भांडू."

तात्पर्य : काय होईल ते पाहण्याआधी आपला अंदाज कारणासकट बोलून दाखवावा, तो चुकला तरी काहीतरी शिकवून जातो. (आणि आयांनी झुडपात बसू नये.)