नदीची सुईण

आपल्या आज्यांच्या आज्या अजून परकर सावरत हुंदडत होत्या ना, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा माहेरकुंड गावाला एकच तोरा होता. एवढी मोठी नदी, खाली गावंच्या गावं भिजवत समुद्राला जाऊन मिळते, ती म्हणे आपल्या गावात जन्मली! गावाच्या वरच्या अंगाला काळ्या कातळाखाली एक कुंड होतं. त्यातून पाणी भसाभसा बाहेर यायचं आणि तिथून नदी सुरू व्हायची. कातळाच्या वर नुसते धोंडेच धोंडे, पाण्याचा टिपूस नाही. मग काय, गावानं ठरवूनच टाकलं, की ही आपली लेक, समुद्राच्या घरी दिलेली. लाडानं तिचं नाव ठेवलं धाकुली.

दरवर्षी कुंडावर तिचं बारसं व्हायचं. रिकामा पाळणा हलवायचा मान गावच्या सुईणीचा, आणि तेव्हा सुईण होती गोजरा. तिच्या पणजीच्या पणजीनं नदीला जन्मताना हातावर झेललं, असं म्हणतात. म्हणणारे तिच्याच घरातले, ही गोष्ट वेगळी! गावातली जवळजवळ सगळी माणसं गोजराच्या हातून जगात आलेली. पाटलालासुद्धा तिनंच पायाकडून ओढून काढलेलं, म्हणून पाटलाला तोंडावर ‘सुभाना’ म्हणणारी अख्ख्या गावात ती एकटीच होती.

आता नीट ऐका हं. लेक दिली, की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी जुनी रीत होती. माहेरकुंडानं ती नदीलाही लावली. नदीला कसलं आलंय मूल! त्यामुळे पिढ्यानपिढ्या गाव विहिरीचं पाणी प्यायचं आणि दारातून वाहणाऱ्या नदीकडे नुसतं कौतुकानं बघायचं. गुरं मात्र खुशाल नदीवर प्यायची. गुरांना कुठली सोयरीक! खालच्या गावचे लोक पोट धरधरून हसायचे, पण माहेरकुंडाची मान ताठ ती ताठच.

वर जाऊन कुणी बघितलं कसं नाही, असं विचाराल. अहो, कातळाच्या वरचा तो धोंड्यांचा माळ म्हणजे नदी जन्मली ती बाळंतिणीची खोली! तिथं पुरुषानं डोकावायचं नाही. बायकांतही फक्त सुईणीनं जायचं, आणि तिनंही पहिल्या धोंड्याला कुंकू लावून माघारी फिरायचं.

मग एका साली पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या. नदी बारीक झाली, पण वाहत राहिली. त्यातच पाटलाची सून चांगुणा बाळंत झाली आणि तिला मुलगी झाली. आईच्याच पोटात पाण्याचा घोट नाही, तर दूध कुठून येणार? पाटलाच्या रांजणाच्या तळाशी नुसता ओला गाळ उरला होता. पोर रडून रडून गप्प झाली. गोजरानं जन्मभर बाळांचं रडणं ऐकलं होतं, पण त्या गप्प होण्यानं तिच्या काळजाचं पाणी झालं.

“सुभाना, नदीवरून घागर आण,” ती म्हणाली.

पाटलाचे ओठ फुटले होते. “मावशी, पोर काय मला नकोशी आहे? पण लेकीच्या दारात हात पसरू? वाडवडील काय म्हणतील?”

“वाडवडील तहानेनं मेलेत का कधी?”

पाटील रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

गोजरा तरातरा कुंडावर गेली. नदीला चार शिव्या हासडाव्यात, असं तिच्या मनात होतं. पण कातळापाशी ती खाली बसली आणि तिनं दगडाला डोकं टेकलं. कान आपोआप लागला, जसा ती गरोदर बाईच्या पोटाला लावायची. आणि ती दचकलीच. “अगंबाई!” जन्माचा आवाज तिला चांगला ठाऊक होता. तो थांबत थांबत येतो, कळा देत येतो. हा तसला नव्हता. आत कुणीतरी फार लांबून, न दमता, संथ पावलांनी चालत येत होतं.

ती परत येऊन पाटलाला म्हणाली, “ही इथं जन्मलेली नाही. मी वर जाऊन बघून येते.”

“आणि आपली नाही निघाली तर? गावाचं नाव जाईल, मावशी. तुझा पाळण्याचा मान जाईल.”

“जाऊ दे. पोर राहील.”

बोलली खरी, पण त्या मानावर तिचा फार जीव होता. पहिल्या धोंड्याला तिनं नेहमीसारखं कुंकू लावलं. मग ती पुढे निघाली. एका धोंड्याला कान लावायचा, पाणी कुठून येतंय ते ऐकायचं, की पुढचा धोंडा. चालता चालता ऊन मऊ झालं. दगड तिच्या कानाखाली श्वास घेतल्यासारखे वर-खाली होऊ लागले. ती किती चालली, ते तिलाही कधी सांगता आलं नाही.

शेवटी माळ संपला आणि समोर दाट रानातून भलीथोरली नदी आली. आली ती सरळ एका काळ्या विवरात शिरून धोंड्यांखाली नाहीशी झाली. काठावर एक म्हातारी केस सोडून बसली होती. पांढरे केस पाण्यात उतरले होते आणि त्यांचं टोक कुठं दिसत नव्हतं, असं म्हणतात.

“आजी, ही कुठली नदी गं?”

“ही जुनाई. तुम्ही खाली काय म्हणता?”

“धाकुली.”

म्हातारी इतकी हसली, की पाण्यावर लाटा उठल्या. “अगं, तुमचं गाव वसलं नव्हतं, तेव्हापासून चालतेय ती!”

“मग जन्मली कुठं?”

“इथले म्हणतात वर. वरचे म्हणतात आणखी वर. मलाही आता आठवत नाही, बाई.”

गोजरानं हात जोडले. पण चालत परत जायचं म्हणजे तोवर पोर हाती लागायची नाही. म्हातारीनं तिच्या मनातलं ओळखलं आणि विवराकडे बोट केलं. “जवळची वाट ही.” गोजरानं पदर खोचला, डोळे मिटले आणि उडी घेतली.

आत गडद अंधार होता, ऊब होती आणि झोका होता. जन्मभर दुसऱ्यांना ओढून काढणाऱ्या बाईला आता ओढणारं कुणी नव्हतं. नदीच तिला ढकलत होती.

इकडे कुंडावर सारं गाव गोजराची वाट बघत जमलं होतं. चांगुणा पोरीला मांडीवर घेऊन कातळाच्या सावलीत बसली होती. एकाएकी कुंडाचं पाणी उसळलं आणि आतून एक हात बाहेर आला. पाटील रीतभात विसरून कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्यानं गोजराला ओढून काढलं. ती गुलाबी आणि सुरकुतलेली दिसत होती. तिनं श्वास घेतला आणि टाहो फोडला.

मग म्हणाली, “ही आपली लेक नाही रे. हिचं नाव जुनाई. इथं ती फक्त जमिनीवर येते. उगम मीही बघितला नाही, तो वर आहे, बराच वर. प्या आता!”

गावकरी एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, “हे खरं कशावरून?”

गोजरा भडकली. “नका मानू! लेकच म्हणा. पण आत्ता तिच्या पोटातून कोण आलं, ते बघितलंत ना? झालं की नाही लेकीला मूल? आता तरी प्या, मुडद्यांनो!”

पाटलानं ओंजळ भरली. क्षणभर ती ओठांशी थांबली. मग तो प्यायला आणि लहान पोरासारखा “आई गं” म्हणाला. त्यानंच दुसरी ओंजळ चांगुणाच्या तोंडाशी धरली. ती संपायच्या आत तिचा पदर दुधानं भिजला, असं म्हणतात. आणि पोर रडली! सारं गाव त्या रडण्यावर हसत होतं आणि डोळे पुसत होतं.

आजही माहेरकुंडात बाळ जन्मलं, की नाव ठेवायच्या आधी आजोबा त्याला कुंडावर नेतात आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. आधी स्वतः पितात, मग ओलं बोट बाळाच्या ओठांना लावतात. त्याला गोजरापाणी म्हणतात. एखादा पाहुणा विचारतो, “नदीचा उगम इथलाच ना?”

तेव्हा आजोबा मान हलवतात. “नाही हो. उगम वर आहे, बराच वर. इथं फक्त आम्ही जन्मलो.”