चुन्यावर लिंबू

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या अंगणात शेजारच्या बायकांना हळदीचं कुंकू करायला शिकवत होते. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. चुन्याच्या निवळीत हळद लाल झाली, की त्याचं कारणही सांगत.

"हायड्रोजनचा एक कण असतो, धन भाराचा. आम्ल तो देतं, चुन्यासारखं आम्लारी तो घेतं. चुन्याने हळदीकडचा कण ओढला, म्हणून ही लाल झाली."

त्यांची एक शिष्या मोठी चलाख. तिने त्या लाल पाण्यात लिंबू पिळलं. पाणी पुन्हा पिवळं! "बघा, लिंबाने कण दिले आणि चुन्याचा जोरच गेला."

"बरोबर. त्यातून पाणी होतं आणि थोडा क्षार," गुरुजी म्हणाले.

इतक्यात शेजारणीच्या लेकराने कालवलेल्या चुन्याच्या घमेल्यात काठी आपटली. चुना उडाला तो थेट डोळ्यात. लेकराने टाहो फोडला. शिष्येला उपाय ठाऊकच होता. ती उरलेलं लिंबू घेऊन धावली. गुरुजींनी तिच्या हातावर असा फटका मारला, की लिंबू मातीत गेलं.

त्यांनी लेकराचं डोकं कलतं धरलं, पापणी उघडली. "ओत पाणी! थांबू नकोस."

"अहो गुरुजी, गुदमरेल माझं लेकरू!" आई रडत म्हणाली.

"रडतंय ना? मग श्वास चालू आहे. तू रिक्षा बघ, बाई."

शिष्येचे हात भरून आले तरी तांबे चालूच होते. मग सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर लेकराला आत घेऊन गेले.

बाहेर बाकावर शिष्या हळूच म्हणाली, "तुम्हीच शिकवलं होतं ना, गुरुजी?"

"शिकवलं, आणि ते खरंही आहे. पण अगं, डोळ्यात चुना किती गेला, तू मोजलास? लिंबू जास्त झालं, तर उरलेले कण डोळ्यालाच जाळणार. शिवाय दोघे भेटले की उष्णता निघते. भांडं ती सोसतं, बुबुळ नाही. पाण्याला माप लागत नाही. ते दोघांनाही वाहून नेतं."

दार उघडलं. "नजर शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "लगेच धुतलंत, म्हणून."

आईने शिष्येचे ओले हात घट्ट धरले.

आयाबायांनो, डोळ्यात चुना गेला तर आधी भरपूर पाणी, मग डॉक्टर; आपली हुशारी त्यानंतर.