करकोच्यांनी नेलेली सात गाणी

ही फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की तेव्हा पक्षी बोलत आणि माणसांना ते कळत असे.

एका राज्यात मोठं तळं होतं. दर हिवाळ्यात हिमाच्या डोंगरांपलीकडून हजारो करकोचे तिथे उतरत. ते शेतांतले टोळ वेचून खात, म्हणून ज्वारी हाती लागे. पुढे शिकारी धनुष्यं घेऊन तळ्याकाठी बसू लागले. दरसाल थवा लहान होत गेला.

एका सकाळी थव्यातली सर्वांत म्हातारी करकोची राजाच्या अंगणात उतरली.

"राजा, दोन हिवाळ्यांनी आमची सभा भरेल. माणसांच्या मुलखात पुन्हा यायचं की नाही, ते तिथे ठरेल. आमच्या पिलांना माणसाचा एकच आवाज माहीत आहे, धनुष्याच्या दोरीचा. दुसरा असेल तर दे. सात गाणी आम्ही पाठ करून नेऊ."

राजाने राजगायक सोमदत्ताला बोलावलं. "सगळी पृथ्वी फिरा. सगळ्या माणसांच्या वतीने सात गाणी निवडा."

सोमदत्ताचा कान असा, की शंभर तारांतली एक उतरलेली तार त्याला टोचे. तो बेटांवर गेला, वाळवंटात गेला, बर्फाच्या देशात गेला. जिथे सूर जरा हलला तिथून उठला. वर्षभराने तो सात निर्दोष गाणी घेऊन परतला आणि तळ्याकाठी गायला. दरबारी लोक डोलले.

करकोची म्हणाली, "गोड आहेत. पण सातही गाण्यांत माणूस जिंकतोच आहे. कुठे शत्रूला, कुठे समुद्राला, कुठे सुरांना. जिंकणारा माणूस आम्ही ओळखतो. तो झुडपाआड बसलेला असतो."

सोमदत्त दुखावला. "यांच्याहून चांगली गाणी पृथ्वीवर नाहीत!"

"चांगली कोणी मागितली? माणसाची मागितली होती."

तो पुन्हा निघाला, पण रागाने. कित्येक महिने त्याला एकही गाणं मनासारखं मिळेना. एका कोरड्या मुलखात तहानेने व्याकूळ होऊन तो एका गावाशी थांबला. तिथे विहीर खणणं चाललं होतं. काठावर येसू नावाची बाई दोर धरून बसली होती. त्याच दोराला बांधलेला तिचा भाऊ खोल तळाशी खणत होता. ती एक ओळ गाई, तो खालून दुसरी गाई. दोघांचे आवाज फाटलेले, ताल सुटलेला.

सोमदत्ताला राहवलं नाही. "बाई, सूर तरी नीट लावा!"

"गप बसा हो बुवा!" येसू डाफरली. "तुमच्या बोलण्यात त्याचा आवाज बुडतो."

तिने पुढची ओळ गायली. खालून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा गायली. शांतता.

"ओढा!" ती किंचाळली.

गावकरी धावले. सोमदत्तानेही दोर धरला. त्याचे मऊ हात सोलून निघाले. भाऊ वर आला तेव्हा तळाच्या कोंदट हवेने बेशुद्ध झाला होता. मोकळ्यावर आणल्यावर त्याने हळूहळू डोळे उघडले.

सोमदत्त येसूजवळ जाऊन बसला. त्याने विचारलं, "हे गाणं मला शिकवाल?"

"गाणं कुठलं, बुवा? हाक आहे ती. वरच्याने द्यायची, खालच्याने ओ म्हणायचं."

तिथून पुढे सोमदत्त सूर तपासायला नाही, तर माणसं का गातात ते ऐकायला थांबू लागला. ज्यांचा नावाडी परतला नाही, त्यांच्या दारातही तो बसला. आधीच्या सातांतली दोन त्याने ठेवली. बाकीची पाच नवी होती.

ठरल्या दिवशी येसू त्याच्याबरोबर तळ्यावर आली. शेवटचं, विहिरीवरचं गाणं त्यांनी दोघांनी मिळून गायलं. ती उंच गवताआड दिसेनाशी होऊन उत्तर देत राहिली. सगळ्या थव्याच्या माना वर झाल्या.

"हे आम्हाला येतं," करकोची हळूच म्हणाली. "ढगात वाट दिसत नाही तेव्हा आम्ही असेच ओरडतो. मागच्याचं उत्तर आलं नाही, तर पुढचा वळतो." मग तिने काठावर उभ्या असलेल्या राजाकडे पाहिलं. "पण तुझी माणसं दोरही ओढतात आणि धनुष्यही. आम्ही कुठल्या हातावर विसंबायचं?"

राजाची मान खाली गेली. त्याच दिवशी त्याने तळ्यावरची शिकार बंद केली आणि आपलं स्वतःचं धनुष्य सगळ्यांसमोर मोडलं.

करकोचे सातही गाणी पाठ करून आपल्या सभेला गेले. पुढच्या हिवाळ्यात सभेने पाठवलेले आधी सातच करकोचे आले. महिनाभर त्यांनी नीट पाहिलं. मग ते परत जाऊन सगळ्या थव्याला घेऊन आले, आणि त्या वर्षी ज्वारी टोळांपासून वाचली.

म्हणून लहानथोरांनो, जगाला आपली ओळख द्यायची तर आपण काय जिंकलं ते सांगू नये, कोणाच्या हाकेला ओ दिली ते सांगावं.