पहिला फोक गिऱ्हाइकाचा

मोरखिंडीत टोपली घ्यायला गेलात, तर विणणारी बाई आधी तुमच्या हातात कोयता देते. कुणाला धुण्याचे कपडे टाकायला, कुणाला लँपशेड म्हणून, नवनव्या घाटाच्या टोपल्या मागायला शहरातली माणसं मोटारीने येतात आणि कोयत्याकडे बघत उभी राहतात. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाचा एक ओला फोक, म्हणजे लवचीक कोवळी फांदी, स्वतः तोडून आणायचा, मगच विणकाम सुरू. असं का, ते गावात सांगतात ते असं.

फार मागे वाघजाईच्या देवराईची राखण भिकोबा गुरवाकडे होती. संशय घेण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. स्वतःच्या सावलीकडेही म्हणे तो दोनदा वळून बघायचा. त्याची नजर टोपल्या विणणाऱ्या सगुणेवर होती. तिचे फोक इतके सरळ, इतके लांब. ओढ्याकाठी असलं वाळुंज येतंच कुठून? देवराईतलंच असणार. त्याने देवराईतल्या झाडांना दोरे बांधले, फांद्या मोजल्या, झुडपात बसून अख्खा चैत्र काढला. काही सापडलं नाही. तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. इतकी सफाई चोरालाच जमते.

गावकी बसली. भिकोबाने तोड काढली: देवीचं लाकूड मरत नाही, तेव्हा सगुणेची ताजी टोपली ओढ्यात ठेवायची. आठ दिवसांत पालवली, तर चोरी शाबीत, आणि सगुणेने दोन लेकरं घेऊन गाव सोडायचं.

आठव्या दिवशी टोपलीला कोंब आले होते.

“वाळुंज आहे ते. ओला फोक पाण्यात ठेवला की फुटणारच,” सगुणा म्हणाली. कुणी ऐकेना. मग ती भिकोबाकडे वळली. “काका, तुमच्या विहिरीवर वाळुंज आहे. त्याचे फोक तुम्हीच तोडून द्या. इथं सगळ्यांसमोर विणते. ते नाही फुटले, तर मी चालले.”

भिकोबाने भारा आणून टाकला. दुसरी टोपली विणून झाली, ओढ्यात बसली. आठ दिवसांनी ती पहिलीपेक्षा दाट पालवली होती. मुळंही सुटली होती म्हणे, आणि मुळांत माशांनी संसार थाटला होता, असंही काहीजण सांगतात.

गावकीतला म्हातारा दौलू खाकरला. “भिकोबा, विहिरीवरचं झाड लावलं कुणी रे?”

झाड कुणी लावलंच नव्हतं. एका पावसाळ्यात वासरू बांधायला त्याने देवराईतून ओली मेख तोडून आणली होती. मेख रुजली. एवढ्याशा मेखेला चोरी कोण म्हणतं, असं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पण आता तो जसा लोकांकडे बघायचा, तसं सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

“आपसूक आलं,” तो घाईने म्हणाला. “वाळुंजाची जातच तशी. कुठलाही फोक फुटतो. बाई खोटं नाही बोलत.”

“मोठ्याने सांगा, काका. मागच्यांना ऐकू नाही गेलं.”

त्याने मोठ्याने सांगितलं.

सगुणा गावात राहिली, पण तिने अट घातली: ज्याला टोपली हवी, त्याने एक फोक आपल्या हाताने तोडून द्यायचा. उद्या माल चोरीचा ठरलाच, तर चोर दोघं.

आजही फोक कुठून आणला, ते बाई कुणालाच विचारत नाही. गुरवाच्या घरचं कुणी आलं, की ते मात्र न विचारताच सांगतं, “ओढ्याकाठचा आहे हो.” बाई तो फोक दोनदा उलटापालटा करून बघते, आणि मगच टोपलीत घालते.